आडनाव न विचारणारे मैदान

१/
बोईसरच्या पश्चिमेला, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, एक मैदान आहे. हिवाळ्यात तिथे टेनिस चेंडूचे क्रिकेट रंगते. मंडप लागतो, ध्वनिक्षेपकावर समालोचन चालते, टेबलावर चषकांची रांग मांडलेली असते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की खेळपट्टी पाण्याखाली जाते, चेंडू उसळेनासा होतो आणि मैदान फुटबॉलच्या ताब्यात जाते. संघ पाडण्याची रीत सोपी आहे. सदरा काढला ते एका बाजूला, अंगात सदरा असलेले दुसऱ्या बाजूला. हा धागा त्या मैदानाविषयी आहे. आणि तिथून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिंदी महासागरात विखुरलेल्या बेटांच्या फुटबॉलविषयीही.

२/
या मैदानावर खेळणारा एक तरुण पालघरच्या महाविद्यालयात इतिहास शिकतो. घर किनारपट्टीवरच्या एका जुन्या समाजातले. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. हिवाळ्यात तो समाजाच्या क्रिकेट संघातून खेळतो, कारण या पट्ट्यात हिवाळी क्रिकेटचे अनेक चषक समाजवारच भरतात. पावसाळ्यात मात्र तो ज्या संघात असतो, त्या संघाला नावच नसते. गोलरक्षक त्याचा मित्र; त्याच्या घरी भोजपुरी बोलतात. बचावाला वारली पाड्यावरचे दोघे भाऊ. आघाडीला अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतला एक तमिळ मुलगा.

३/
एका जुलैत मंडळाची बैठक झाली. पावसाळी फुटबॉललाही आता काही रूप द्यावे, त्याचाही ‘समाज चषक’ करावा, असा प्रस्ताव आला. प्रस्तावात वावगे काही दिसत नव्हते. प्रायोजक मिळणार होता, गणवेश मिळणार होते, मैदानाला कुंपण घालण्याइतका पैसा उभा राहणार होता. नियमावली लिहिण्याचे काम त्या तरुणाकडे आले, कारण त्याचे अक्षर चांगले. पहिला नियम त्याला तोंडी सांगण्यात आला: खेळाडू समाजाचाच असावा, आधार कार्डावरील आडनाव तपासले जाईल. त्याने तो लिहून घेतला. घरी आल्यावर गोलरक्षक कोण असणार, हा प्रश्न त्याला पडला.

४/
त्याच दिवसांत महाविद्यालयासाठी तो एक प्रकल्प लिहीत होता. विषय होता मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले कोकणातले मजूर. जहाजे, करार, उसाचे मळे असे वाचत असताना त्याच्यासमोर मॉरिशसमधल्या जुन्या फुटबॉल क्लबांची यादी आली. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स. त्याने यादी पुन्हा वाचली आणि दप्तरातली नियमावली काढून शेजारी ठेवली. प्रकल्पाला त्या रात्री फाटा फुटला.

५/
आधी बेटांची ओळख करून घेऊ. मॉरिशसवर प्रथम डच आले, १७१० मध्ये ते निघून गेले, मग फ्रेंचांनी ते बेट घेतले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस इंग्रजांकडे राहिले आणि सुमारे दोनशे किलोमीटरवरचे रियुनियन फ्रान्सला परत मिळाले. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे गुलामगिरी, दोन्हीकडे फ्रेंचमधून घडलेली क्रिऑल भाषा. एका तहाच्या रेघेने शेजारी वेगळ्या साम्राज्यांत गेले. पुढे दीडशे वर्षांनी हीच दोन बेटे फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांची सर्वांत कट्टर प्रतिस्पर्धी ठरणार होती.

६/
१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांना माणसे हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याच वाटेने आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, भोजपुरी बोलणारी. तमिळ आणि तेलुगू मुलखातलीही आली. मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोक गेले. त्यांच्या वंशजांमुळे आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मजूर जिथे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

७/
त्या तरुणाला हे वाचताना बोईसर दिसत होते. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि वाडी, खाडी, मिठागरांच्या या मुलखात देशभरची माणसे कामासाठी उतरू लागली. कोणी सक्तीने आणली नव्हती, गिरमिटही नव्हते. तेवढा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण सकाळी बोईसर स्थानकाबाहेर कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांजवळ कान दिला तर मराठी, भोजपुरी, उडिया, गुजराती, तमिळ अशा सगळ्या भाषा एका दमात ऐकू येतात. कामाने एकत्र आणलेली माणसे संध्याकाळी कोणाबरोबर खेळतात, हा प्रश्न दोन्ही ठिकाणचा आहे.

८/
बेटांच्या आपसांतल्या फुटबॉलची सुरुवात १९४७ मध्ये झाली. मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर यांची तिरंगी स्पर्धा त्या वर्षी सुरू झाली आणि १९६३ पर्यंत चालली. तेव्हा यांपैकी एकही स्वतंत्र देश नव्हता. मॉरिशस इंग्रजांचे, मादागास्कर फ्रेंचांचे. रियुनियन तर १९४६ मध्ये फ्रान्सचाच एक जिल्हा झाले होते. त्याच १९४७ च्या मार्चमध्ये मादागास्करात फ्रेंच सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला होता. राष्ट्र म्हणून मान्यता मिळण्याच्या कितीतरी आधी या बेटांना राष्ट्रीय संघ मिळाला होता. देशाचा सदरा आधी आला, देश नंतर.

९/
पुढे एकेक बेट स्वतंत्र झाले. मादागास्कर १९६०, मॉरिशस १२ मार्च १९६८, कोमोरोस १९७५, सेशेल्स १९७६. रियुनियन फ्रान्समध्येच राहिले. या सगळ्यांना ऑलिंपिकचा डाव फार मोठा पडत होता, म्हणून आपापसांत खेळण्यासाठी ‘हिंदी महासागर द्वीप क्रीडास्पर्धा’ जन्माला आल्या. पहिली स्पर्धा १९७९ मध्ये रियुनियनमध्ये झाली. पुढे मालदीव आणि मायोत यांचीही नावे तीत आली. खेळ अनेक असतात, पण बेटांचा श्वास अडकतो तो पुरुषांच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात.

१०/
छोट्या जागेचे फुटबॉल वेगळे असते. सेशेल्सची सगळी लोकसंख्या लाखभराच्या घरात. पालघर तालुक्यातही त्याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. तिथे राष्ट्रीय संघाचा मध्यरक्षक सोमवारी सकाळी बाजारात भेटतो. घरच्या प्रेक्षकांचे बळ इतके मोठे की १९७९ ते २०१९ या दहा स्पर्धांपैकी सात वेळा फुटबॉलचे सुवर्णपदक यजमान बेटानेच घेतले. २०११ मध्ये सेशेल्सने घरच्या मैदानावर मॉरिशसला पेनल्टीत हरवून आपले पहिले सुवर्ण मिळवले. रियुनियनने या काळात पाच वेळा पदक जिंकले, पण त्याला फिफाचे सदस्यत्व नाही. दिमित्री पायेतसारखा तिथे जन्मलेला खेळाडू विश्वस्तरावर फ्रान्सकडून खेळला.

११/
बेटे छोटी म्हणून त्यांना हलके लेखू नये, हे भारतीय वाचकाला मालदीवने दोनदा शिकवले आहे. दक्षिण आशियाई फुटबॉलच्या सॅफ स्पर्धेत २००८ च्या अंतिम सामन्यात मालदीवने भारताला १-० असे हरवले आणि २०१८ च्या अंतिम सामन्यात २-१ असे. पालघर जिल्ह्यातही सहज मावेल एवढ्या लोकसंख्येचा हा देश. अकरा माणसे निवडायची असतात तेव्हा कोटी आणि लाख यांतला फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही. ती अकरा कोणत्या चाळणीतून येतात, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

१२/
मॉरिशसची चाळणी कोणती होती? देशाचा संघ एक होता, पण दर आठवड्याचे फुटबॉल समाजांत वाटलेले होते. फ्रेंच वंशाच्या गोऱ्या वरिष्ठ वर्गाचा डोडो क्लब. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स. आफ्रिकी वंशाच्या क्रिऑल समाजाचा ओढा फायर ब्रिगेडकडे. अग्निशमन दलाच्या नावाचा हा संघ देशातला सर्वांत यशस्वी क्लब ठरला. मैदाने भरून वाहत. रविवारच्या सामन्याची चर्चा आठवडाभर मळ्यात, दुकानात, बसमध्ये चाले.

१३/
या क्लबांना आज सहज नावे ठेवता येतील. पण ते उभे का राहिले, हेही पाहिले पाहिजे. ज्या वसाहतीत साखर कारखान्याचा मालक गोरा आणि त्याचा क्लबही गोऱ्यांचा, तिथे मजुराच्या मुलाला बूट, चेंडू आणि कपडे बदलायला एखादी खोली कोण देणार होते? ते समाजाने दिले. वर्गणी समाजाची, पंचांशी भांडायला माणसे समाजाची, जिंकल्यावर मिरवणूक समाजाची. गोऱ्यांच्या क्लबाला ९० मिनिटांत हरवणे हा पोरांच्या पायांनी मिळवलेला मान होता. त्या तरुणाने आपल्या वहीत या ओळीखाली रेघ मारली, कारण त्याच्या मंडळाची गोष्टही अशीच सुरू झाली होती.

१४/
मात्र संघ जेव्हा समाजाचा असतो, तेव्हा हारही समाजाची होते. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या तोंडावर, पोर्ट लुईमध्ये क्रिऑल आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली. इंग्रज सैन्य बोलवावे लागले. नव्या राज्यघटनेने उमेदवारांची हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ अशी वर्गवारी केली, म्हणजे निवडून न आलेल्यांतून काही जागा भरून समतोल साधता यावा. हेतू संरक्षणाचा होता. पण संसदेत, मैदानात, मोहल्ल्यात माणसाला एकच प्रश्न विचारला जाई: तुम्ही कोणाचे?

१५/
याला एकच उघडा अपवाद होता, तो राष्ट्रीय संघ. १९७४ मध्ये मॉरिशस आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीला एकदाच पात्र ठरले. १९८५ मध्ये द्वीप क्रीडास्पर्धा घरी भरल्या आणि मॉरिशसने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. आठवड्याला एकमेकांच्या विरुद्ध उभे राहणारे पाय तेव्हा एकाच सदऱ्यात धावत होते. तो आनंद खोटा नव्हता. पण स्पर्धा काही वर्षांतून एकदा, आणि लीग दर आठवड्याला. वर्षातले इतर सगळे रविवार समाजाचे होते.

१६/
दरम्यान क्लबांच्या नावांतून धर्म काढून टाकण्याचा प्रयत्न झाला. मुस्लिम स्काउट्सचे ‘स्काउट्स क्लब’ झाले, हिंदू कॅडेट्समधला ‘हिंदू’ गेला. पाटी बदलली, प्रेक्षकांचे गट तेच राहिले. मग १९९९ उजाडले. २१ फेब्रुवारीला काया या लोकप्रिय क्रिऑल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर अनेक दिवस दंगली पेटल्या. त्या विझल्या, पण धग राहिली. अशा वर्षात लीगच्या निर्णायक सामन्यासाठी स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड समोरासमोर आले.

१७/
तारीख २३ मे १९९९. उत्तरेकडच्या अंजले मैदानावर फायर ब्रिगेड जिंकले. सामना संपल्यावर संताप मैदानाबाहेर पडला आणि राजधानीपर्यंत पोहोचला. पोर्ट लुईच्या चिनी वस्तीत ‘लामिकाल’ नावाचे एक जुगारघर होते. त्या रात्री ते पेटवण्यात आले. आत अडकलेली सात माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती. त्या मुलांचा त्या सामन्याशी काहीही संबंध नव्हता. ती कोणत्याच संघाची नव्हती.

१८/
सरकारने लीग थांबवली. दीड वर्षाच्या सुमारास देशातले मोठे फुटबॉल बंद राहिले. पुन्हा सुरू करताना समाजाचे क्लब बाजूला सारले गेले आणि प्रदेशाप्रमाणे नवे क्लब उभारण्यात आले: पोर्ट लुई २०००, पाम्पलमूस, क्युरपीप स्टारलाइट, सावान, व्हाकोआ-फिनिक्स. आता खेळाडू कोणत्या घरात जन्मला यापेक्षा तो कोणत्या गावात राहतो याला किंमत आली. २००३ मध्ये द्वीप क्रीडास्पर्धा पुन्हा मॉरिशसमध्ये भरल्या आणि यजमानांनी फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. शोकांतिकेनंतर अवघ्या चार वर्षांनी आलेले ते यश.

१९/
इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगी झाली असती. ती इथे संपत नाही. नव्या क्लबांच्या सामन्यांना प्रेक्षक येईनात. हिंसा थांबली, पण ज्या जिव्हाळ्याने मैदाने भरत तोही आटला. लोक घरी बसून इंग्लंडची लीग पाहू लागले. पोर्ट लुईतला माणूस लिव्हरपूल किंवा मँचेस्टरच्या संघासाठी रडू लागला आणि आपल्या गावच्या संघाची नावे विसरला. २०१५ आणि २०१९ या दोन्ही स्पर्धांत मॉरिशसने अंतिम सामना रियुनियनकडे गमावला. पाच हजार माणसांना जोडणारी गोष्ट काढून घेतली, तर तिच्या जागी काय ठेवायचे, याचे उत्तर कायद्याने मिळत नाही.

२०/
आणि देशाचा सदराही सगळे भांडण झाकू शकत नाही. कोमोरोसच्या चार बेटांपैकी मायोतने फ्रान्सबरोबर राहण्याचा कौल दिला. कोमोरोस आजही मायोतवर हक्क सांगतो. २०१५ च्या स्पर्धेच्या उद्घाटनात मायोतच्या खेळाडूंनी फ्रान्सचा झेंडा घेऊन संचलन केले, तेव्हा निषेध म्हणून कोमोरोसचे पथक स्पर्धाच सोडून गेले. वर्षानुवर्षे सराव केलेले खेळाडू परतले. संघ कसा पाडायचा हा प्रश्न कोणत्याही पातळीवर निरुपद्रवी नसतो.

२१/
मराठी वाचकाला यासाठी समुद्र ओलांडायचीही गरज नाही. मुंबईत पारशी विरुद्ध युरोपीय अशी क्रिकेटची स्पर्धा १८९२ मध्ये सुरू झाली. १९०७ मध्ये हिंदू आले, ती तिरंगी झाली; १९१२ मध्ये मुस्लिम आले, चौरंगी झाली; १९३७ मध्ये ‘इतर’ आले, पंचरंगी झाली. त्या सामन्यांना जी गर्दी लोटे ती रणजी करंडकाला कधी लाभली नाही. आणि ‘हिंदू’ संघाच्या आतही एक कुंपण होतेच. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर त्या काळचे श्रेष्ठ फिरकी गोलंदाज, पण कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, आणि १९२३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला.

२२/
१९४३ चा अंतिम सामना हिंदू विरुद्ध ‘इतर’. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतर’ संघात. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी, तीत विवेक यांच्या २१. तरी सामना डावाने हरला. महाराष्ट्राच्या मातीतला एवढा मोठा फलंदाज, आणि घोषणा ‘इतर’ म्हणून. गांधीजींनी १९४० मध्येच धर्मवार क्रिकेटला विरोध नोंदवला होता. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली.

२३/
पुढच्या बैठकीला तो तरुण वही घेऊन गेला. भाषण करायचे नाही असे त्याने ठरवले होते. त्याने फक्त लामिकालची गोष्ट सांगितली आणि हजाऱ्यांची धावसंख्या. सभेत थोडी चुळबूळ झाली. मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, “बाळा, तिकडे माणसे मेली, ते वाईटच झाले. पण आपल्याकडे कोणी कोणाला जाळायला निघालेले नाही. आमच्या लहानपणी शाळेच्या मैदानावर आम्हांला चेंडू अडवायला उभे करत. बॅट हातात कधी मिळाली नाही. समाजाने चषक काढला तेव्हा बॅट मिळाली. त्याच पैशातून दरवर्षी मुलांची फी भरतो. हे बंद करायचे म्हणतोस?”

२४/
त्याच्याकडे तयार उत्तर नव्हते, कारण ते म्हणणे खरे होते. मजुराच्या मुलाला बूट कोणी दिले, हे त्याच्याच वहीत रेघ मारून लिहिलेले होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, “काका, हिवाळ्याचा चषक बंद करा असे मी म्हणत नाही. तो आपला आहे, मीही त्यात खेळणार. पण पावसाळ्यात आपल्याला कोणी मैदान नाकारलेले नाही. तिथे आजवर कोणी कोणाला आडनाव विचारलेले नाही. एकदा विचारायला सुरुवात केली, की पुन्हा न विचारणे अवघड जाईल. तिथे त्यांनी नावाच्या पाट्यासुद्धा बदलल्या होत्या.”

२५/
बैठक लांबली. कोणी म्हणाले, समाजाचे नाव नसेल तर प्रायोजक कशाला पैसे देईल? कोणी म्हणाले, गल्लीवार संघ केले तर गल्ल्या भांडतील. दोन्ही शंका रास्त होत्या. पोर्ट लुईच्या ओस पडलेल्या मैदानांनी पहिली खरी ठरवली होती. शेवटी ठरले ते अर्धेमुर्धे. यंदा फुटबॉलचे संघ पाडा, आळी आणि वसाहत यांप्रमाणे पडतील. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू. ज्येष्ठ सदस्यांनी सही केली आणि हसून म्हणाले, “प्रेक्षक आले नाहीत तर तुलाच भोंग्यावर बसवतो.”

२६/
प्रायोजक मागे हटला. कुंपण झाले नाही, गणवेशही नाही. नियमावली त्याने नव्याने लिहिली. खेळाडूंच्या तक्त्यात तीन रकाने ठेवले: नाव, वय, राहण्याचे ठिकाण. वारली भाऊ पूर्वेच्या पाड्याकडून उतरले, म्हणजे प्रथमच त्याच्या विरुद्ध. भोजपुरी बोलणारा मित्र त्याच्याच आळीत राहत असल्याने गोलात उभा राहिला. ऑगस्टच्या एका रविवारी, चिखल घोट्यापर्यंत असताना, पाड्याच्या संघाने त्यांना ३-१ असे हरवले. तिसरा गोल गोलरक्षकाच्या पायांमधून गेला.

२७/
प्रेक्षक बेताचेच होते. पण ज्येष्ठ काका छत्री घेऊन शेवटपर्यंत उभे होते. सामना संपल्यावर आळीतली पोरे गोलरक्षकावर मनसोक्त ओरडली: पाय मिटत नाहीत, डोळे कुठे असतात, उद्यापासून सरावाला पाचला यायचे. तोही तेवढ्याच जोराने बचावफळीला बोलला. त्या सगळ्या शिव्यागाळीत त्याच्या घरच्या भाषेचा किंवा गावाचा उल्लेख एकदाही आला नाही. वही त्या तरुणाच्या कपाटात आहे, नियमावली तिच्यात घडी घालून ठेवलेली. पुढच्या जुलैत बैठक आहे.